केनी वॉशिंग्टन : तेरा क्रमांकाचा मानकरी

थोर खेळाडूंची चरित्रे वाचावयास घेतली की विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम आकड्यांकडे जाते. किती धावा, किती गोल, किती पदके, असा हिशेब ते मांडू लागतात. ज्या खेळाडूची हकिकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांच्या हिशेबाची वही या दृष्टीने फारच लहान आहे. अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ व्यावसायिक फुटबॉल संघटनेत केनी वॉशिंग्टन यांना अवघे तीन हंगाम खेळावयास मिळाले. त्या तीन हंगामांत चेंडू हाती घेऊन ते एकंदर ८५९ यार्ड धावले. नामवंत खेळाडू एवढे अंतर एकाच हंगामात तोडतात. तथापि केनी वॉशिंग्टन यांचे नाव घेतल्याशिवाय त्या खेळाचा इतिहास पुरा होत नाही. ही वही इतकी लहान का राहिली आणि तरीही ती जपून का ठेवावयाची, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्यांचे सारे चरित्र आले.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतो त्यास अमेरिकेत सॉकर असे नाव आहे. अमेरिकन फुटबॉल हा निराळाच खेळ. त्यातील चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. मैदानाची लांबी शंभर यार्ड. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा, असा नियम आहे. चेंडू काखेत घट्ट धरून धावत जावे किंवा पुढे गेलेल्या आपल्या गड्याकडे तो फेकावा आणि कसेही करून प्रतिपक्षाची अखेरची रेषा ओलांडावी. यास टचडाउन म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात. हुतूतूमध्ये चढाई करणाऱ्यास जसे सारे मिळून धरतात, तसे येथेही धावणाऱ्यास धडक देऊन, कवेत घेऊन खाली पाडतात. बळ, वेग आणि धैर्य या तिहींचीही येथे कसोटी लागते. केनींच्या काळी तर चढाई आणि बचाव ही दोन्ही कामे बहुधा त्याच अकरा गड्यांना करावी लागत. तासभराच्या खेळात विसाव्याचा क्षण क्वचितच मिळे.

केनेथ वॉशिंग्टन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस शहरी झाला. घराणे कृष्णवर्णीय. वडील एडगर वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांतून बेसबॉल खेळलेले होते आणि चित्रपटांतही लहानमोठ्या भूमिका करीत. या दोन्ही व्यवसायांमुळे ते घरी फारसे नसत. त्यामुळे केनींचे संगोपन मुख्यतः आजी सुसी वॉशिंग्टन व चुलते रॉस्को वॉशिंग्टन यांनी केले. रॉस्को हे लॉस एंजेलिसच्या पोलिसदलात होते व पुढे लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्या काळी कृष्णवर्णीय मनुष्यास ही गोष्ट सोपी नव्हती. शिस्तीने आणि सचोटीने वागणारे हे चुलते केनींना पित्याच्या ठिकाणी होते.

हे कुटुंब लिंकन हाइट्स नावाच्या वस्तीत राहत असे. तेथे बहुतेक घरे इटलीहून आलेल्या लोकांची. कृष्णवर्णीय बिऱ्हाडे थोडी. परंतु शेजाऱ्यांत खेळीमेळीचे संबंध होते आणि मुले एकत्र खेळत, एकत्र वाढत. लहानपणी वर्णभेदाची झळ फारशी न लागल्यामुळेच की काय, केनींच्या स्वभावात कडवटपणा कधी आला नाही, असे त्यांचे सोबती सांगत. तेथील लिंकन हायस्कूलात फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत त्यांनी नाव मिळविले. शाळेचे शिक्षण संपल्यावर त्याच शहरातील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९३७ पासून ते विद्यापीठाच्या मुख्य फुटबॉल संघातून खेळू लागले. तेरा हा अंक पाश्चात्य लोक अशुभ मानतात. केनींच्या पाठीवर नेमका तोच क्रमांक होता.

त्या पहिल्याच वर्षीची एक गोष्ट पुष्कळ दिवस लोकांच्या स्मरणात राहिली. लॉस एंजेलिस शहरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ नावाचे दुसरे एक मोठे विद्यापीठ आहे. या दोन विद्यापीठांची चुरस जुनी. १९३७ च्या सामन्यात दक्षिण कॅलिफोर्नियाने १९ गुण मिळविले होते आणि केनींच्या संघाची पाटी कोरी होती. खेळ संपावयास काही मिनिटेच उरली असता केनींनी एकामागून एक अशा दोन फेकी केल्या आणि दोहोंवर हॅल हर्शन या त्यांच्या गड्याने टचडाउन केले. दुसऱ्या फेकीत चेंडू साठ यार्डांहून अधिक अंतर हवेतून गेला, असे त्या वेळी मोजण्यात आले. सामना अखेर १९ विरुद्ध १३ असा हातचा गेला खरा. पण हरलेल्या संघाचाच हा गडी दुसऱ्या दिवशी साऱ्या शहराच्या तोंडी झाला.

केनींचे विद्यापीठातील अखेरचे वर्ष १९३९. त्या वर्षीच्या संघात चार कृष्णवर्णीय खेळाडू होते. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत त्या काळी असा एकही खेळाडू नसे. तेव्हा ही गोष्ट फारच असाधारण म्हटली पाहिजे. केनींखेरीज वुडी स्ट्रोड, रे बार्टलेट आणि जॅकी रॉबिन्सन हे ते खेळाडू. हेच रॉबिन्सन पुढे बेसबॉलच्या इतिहासात अजरामर झाले. वुडी स्ट्रोड हे केनींचे जिवलग मित्र, आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली.

त्या हंगामात संघ दहा सामने खेळला. सहा जिंकले, चार बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. दहा सामन्यांचा एकूण वेळ ६०० मिनिटे. त्यांपैकी ५८० मिनिटे केनी मैदानावर होते. धावून आणि फेकून मिळून त्यांनी संघास १,३७० यार्ड मिळवून दिले. या बाबतीत त्या वर्षी देशातील कोणत्याही विद्यापीठाचा खेळाडू त्यांच्यापुढे नव्हता.

शेवटचा सामना पुन्हा दक्षिण कॅलिफोर्नियाशीच होता. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कॉलिझियम नामक विशाल क्रीडांगणावर तो ९ डिसेंबर १९३९ रोजी झाला. हे क्रीडांगण भारतीयांसही अपरिचित नाही. १९३२ चे ऑलिंपिक सामने तेथेच झाले आणि भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेस २४ विरुद्ध १ अशी धूळ चारली ती याच हिरवळीवर. त्या सामन्यात एकट्याने दहा गोल करणाऱ्या रूपसिंगांचे नाव पुढे ग्वाल्हेरच्या क्रीडांगणास देण्यात आले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्याच कॉलिझियममध्ये त्या दिवशी एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. दोन्ही संघ अपराजित. सामना संपत आला तरी कोणासही गुण नव्हता. केनींचा संघ प्रतिपक्षाच्या रेषेपासून अगदी तीनचार यार्डांवर येऊन ठेपला. चौथा व शेवटचा प्रयत्न उरला. चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण घ्यावेत की टचडाउनचाच यत्न करावा, याविषयी गड्यांची मते निम्मी निम्मी झाली. अखेर टचडाउनचा निर्णय ठरला. केनींनी चेंडू फेकला. तो प्रतिपक्षाच्या गड्याने हात मारून खाली पाडला. सामना शून्य बरोबरीत सुटला. खेळ संपण्यास थोडे क्षण असता केनी मैदान सोडून निघाले, तेव्हा तो अफाट जनसमुदाय उठून उभा राहिला. त्यात प्रतिपक्षाचे चाहतेही होते.

विद्यापीठाने पुढे त्यांचा तेरा क्रमांक निवृत्त केला. म्हणजे तो पुन्हा कोणा फुटबॉल खेळाडूस द्यावयाचा नाही असे ठरविले. हा मान त्या विद्यापीठाच्या इतिहासात प्रथम केनींना मिळाला.

येथवरची कथा कोणत्याही यशस्वी तरुणाची असू शकेल. परंतु आता वळण येते. वर्षाच्या अखेरीस देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या याद्या प्रसिद्ध होतात. एका नियतकालिकाने खुद्द खेळाडूंचीच मते मागविली, तेव्हा केनींविरुद्ध खेळलेल्या प्रत्येकाने त्यांना मत दिले. असे दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आले नाही. पण तज्ज्ञांनी केलेल्या प्रमुख याद्यांत त्यांना पहिल्या अकरांत स्थान दिले गेले नाही. पूर्व आणि पश्चिम भागांतील निवडक खेळाडूंचा जो मानाचा सामना दरवर्षी होई, त्याचेही निमंत्रण त्यांना आले नाही.

याहून मोठा आघात अजून पुढेच होता. नॅशनल फुटबॉल लीग ही अमेरिकेतील व्यावसायिक संघांची प्रमुख संघटना. शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड तिचे संघमालक दरवर्षी पाळीपाळीने करतात. १९४० च्या हंगामासाठी त्यांनी सुमारे दोनशे तरुण निवडले. त्यांत केनी वॉशिंग्टन हे नाव नव्हते. सॅम बाल्टर नावाच्या नभोवाणीवरील क्रीडानिवेदकाने सर्व संघमालकांस उद्देशून उघड जाहीर पत्र वाचले आणि या वगळण्याचे कारण विचारले. उत्तर देण्यास कोणीही पुढे आले नाही.

कारण मात्र सर्वांस ठाऊक होते. ही संघटना १९२० मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्यात कृष्णवर्णीय खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड यांच्यासारख्यांनी तर संघांचे मार्गदर्शनही केले होते. परंतु १९३३ च्या हंगामानंतर त्यांस दार बंद झाले. नियमांच्या पुस्तकात तसे एक अक्षरही लिहिलेले नव्हते. संघमालकांत मुकाट्याने झालेला तो संकेत होता. या संकेताचे मुख्य पुरस्कर्ते म्हणून जॉर्ज प्रेस्टन मार्शल या संघमालकाचे नाव घेतले जाते. लेखी नियम असता तर त्याविरुद्ध तक्रार करता आली असती, तो बदलून घेता आला असता. जो नियम आहे असे कोणी कबूलच करीत नाही, त्याच्याशी झगडावे कसे? केनींपुढे आणि त्यांच्या पिढीतील अनेकांपुढे हाच पेच होता.

१९४० च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे विद्यापीठांतील निवडक खेळाडूंचा सामना त्या वेळच्या विजेत्या ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाशी झाला. केनींनी त्यात टचडाउन केले. शिकागो बेअर्स या संघाचे मालक व शिक्षक जॉर्ज हॅलस यांनी त्यांचा खेळ पाहिला आणि काही दिवस शिकागोतच थांबण्यास सांगितले. केनी आशेने थांबले. काही दिवसांनी हॅलस यांनी आपणास त्यांना संघात घेता येत नाही असे कळविले. केनी लॉस एंजेलिसला परत आले.

परत आल्यावर त्यांनी हातपाय गाळले नाहीत. आपल्याच विद्यापीठात त्यांनी काही काळ नव्या खेळाडूंना शिकविले. चुलत्यांच्या पावलावर पाऊल ठेवून ते पोलिसदलात शिरले. पॅसिफिक किनाऱ्यावरील शहरांत व्यावसायिक संघांची एक लहान संघटना होती. तिच्यात वर्णाची आडकाठी नव्हती. तीतील हॉलिवूड बेअर्स या संघातून केनी खेळू लागले, आणि सोबत वुडी स्ट्रोडही होते. तेथे ते फार लोकप्रिय झाले. त्यांना पाहण्यासाठी लोक तिकिटे काढीत. पण मैदान लहान, मोबदला बेताचा, आणि पूर्वेकडील वृत्तपत्रांस या सामन्यांचे सोयरसुतक नव्हते.

फुटबॉलपटूच्या आयुष्यात बावीस ते अठ्ठावीस ही वर्षे म्हणजे ऐन उमेदीचा काळ. केनींची ती सारी वर्षे अशी गेली. त्यातच त्यांचे गुडघे दुखावले. धावणाऱ्या गड्याचे सर्व सामर्थ्य गुडघ्यांत असते. प्रतिपक्षाच्या धडका बसतात त्याही तेथेच. त्यांच्यावर एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया करावी लागली. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ते उठून पुन्हा मैदानावर येत, परंतु पूर्वीचा वेग थोडा थोडा मागे राहत गेला.

आणि मग १९४६ साल उजाडले. क्लीव्हलंड शहरातील राम्स हा संघ १९४५ चा विजेता होता. त्याचे मालक डॅन रीव्ह्ज यांनी तो लॉस एंजेलिसला हलविण्याचे ठरविले. एवढ्या मोठ्या शहरात संघास साजेसे मैदान म्हणजे कॉलिझियमच. पण कॉलिझियम कोणा धनिकाच्या मालकीचे नव्हते. ते जनतेच्या पैशाने बांधलेले असून त्याचा कारभार शहर, जिल्हा व राज्य यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ पाहत असे. संघाला मैदान हवे असल्यास या मंडळाची संमती अवश्य होती.

मंडळाची बैठक जानेवारी १९४६ मध्ये भरली. राम्स संघाच्या वतीने व्यवस्थापक चिली वॉल्श हजर होते. त्या बैठकीस कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे काही प्रतिनिधीही गेले होते. त्यांपैकी लॉस एंजेलिस ट्रिब्यूनचे हॅली हार्डिंग हे बोलावयास उठले. ते स्वतः पूर्वी खेळाडू होते. त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघटनेतील पूर्वीचा वाटा सांगितला, १९३३ नंतरच्या मुकाट बंदीचा उलगडा केला, नुकत्याच संपलेल्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांनी देशासाठी जे सोसले त्याची आठवण दिली, आणि केनी वॉशिंग्टन यांना आजवर का घेतले नाही असे विचारले. सर्वांच्या करातून उभारलेल्या मैदानावर काही लोकांना मज्जाव करणारा संघ खेळू कसा शकतो, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृहात शांतता पसरली. वॉल्श यांनी आमच्या संघटनेत असा कोणताही नियम नाही असे सांगितले, आणि केनी वॉशिंग्टन यांना चाचणीसाठी येण्यास मोकळीक असल्याचे त्यांना कबूल करावे लागले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. बारा वर्षे जे दार कोणाच्याही विनवणीने, कोणाच्याही पराक्रमाने उघडले नव्हते, ते एका दुपारच्या बैठकीत उघडले. संघमालकांची मने एकाएकी पालटली असे नव्हे. कॉलिझियम हवे होते म्हणूनच केनींना घेतले, हे राम्सच्या एका प्रशिक्षकाने पुढे मान्य केले आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर सर्वांचा हक्क असतो हे तत्त्व कोणी तरी उभे राहून, योग्य स्थळी आणि योग्य वेळी, निर्भयपणे बोलून दाखविले; त्याचा हा परिणाम होता. केनींच्या कथेत हॅली हार्डिंग यांचे स्थान म्हणूनच मोठे आहे. त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते.

२१ मार्च १९४६ रोजी केनी वॉशिंग्टन यांनी राम्स संघाशी करार केला. तेरा वर्षांत त्या संघटनेशी करार करणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. प्रवासात व मुक्कामात सोबतीस कोणी असावे म्हणून संघाने दुसरा एक खेळाडू घेण्याचे ठरविले, तेव्हा केनींनी वुडी स्ट्रोड यांचेच नाव पुढे केले. त्याच वर्षी एका प्रतिस्पर्धी संघटनेतील क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाने बिल विलिस आणि मॅरियन मोटली या दोघांना घेतले. फुटबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडण्याचा मान या चौघांना एकत्रच दिला जातो. जॅकी रॉबिन्सन यांनी बेसबॉलच्या सर्वोच्च संघटनेत पाऊल टाकले ते १९४७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे त्यांचे जुने सोबती त्यांच्याआधी एक वर्ष या वाटेने गेले होते.

करार झाला तरी वाट सुकर झाली नाही. शिकागोत संघ ज्या हॉटेलात उतरला तेथे केनी आणि स्ट्रोड यांस जागा नाकारण्यात आली. त्यांना आपली सोय दुसरीकडे पाहावी लागली. मैदानावर प्रतिपक्षाचे काही गडी पंचांची पाठ वळताच त्यांना लाथा मारीत. पडलेल्या केनींच्या डोळ्यांत रेषा आखण्याचा चुना घातला जाई, असेही त्यांचे सोबती सांगत. केनी उठत, कपडे झटकीत आणि पुढच्या चढाईस उभे राहत. आपण हात उगारला तर आपल्यामागून येणाऱ्यांचे दार पुन्हा बंद होईल, हे ते जाणून होते. त्यांच्या वर्णाचे लाखो लोक त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले होते. दुखऱ्या गुडघ्यांवर हा भार वाहणे सोपे नव्हते.

पहिल्या हंगामात त्यांना फारसे खेळविले नाही. जेमतेम तेवीस वेळा चेंडू घेऊन धावण्याची संधी मिळाली. स्ट्रोड यांना तर एकाच वर्षानंतर निरोप देण्यात आला. पुढे ते चित्रपटसृष्टीत शिरून नामांकित नट झाले.

१९४७ मध्ये मात्र जुन्या केनींचे दर्शन लोकांना पुन्हा घडले. त्यांनी ६० वेळा चेंडू घेऊन ४४४ यार्ड काढले. दर धावेस सरासरी ७.४ यार्ड, संघटनेतील त्या वर्षीची ही सर्वोत्तम सरासरी होय. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढावयाचे असतात हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगेल. त्याच हंगामात शिकागो कार्डिनल्सविरुद्धच्या सामन्यात त्यांनी आपल्या बाजूच्या अगदी टोकाजवळ चेंडू घेतला आणि सारा बचाव भेदून ९२ यार्ड धावत जाऊन टचडाउन केले. कार्डिनल्स हा साधा संघ नव्हता. त्या वर्षीचे विजेतेपद त्यांनीच मिळविले. राम्स संघाच्या इतिहासात एवढी लांब धाव कोणीही घेतलेली नव्हती, आणि पुढील पंचाहत्तर वर्षांत कितीतरी नामवंत धावपटू त्या संघातून खेळून गेले तरी हा विक्रम अबाधित राहिला. तो त्यांनी एकोणतिसाव्या वर्षी, वारंवार चिरलेल्या गुडघ्यांनी केला. बावीसाव्या वर्षी, धडधाकट पायांनी ते काय करू शकले असते, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

१९४८ चा हंगाम त्यांचा अखेरचा ठरला. १२ डिसेंबर १९४८ रोजी कॉलिझियमवर त्यांच्या सन्मानार्थ केनी वॉशिंग्टन दिन साजरा करण्यात आला. नऊ वर्षांपूर्वी ज्या मैदानावर लाखभर लोकांनी उठून त्यांचा गौरव केला, तेथूनच त्यांनी खेळास रामराम ठोकला.

पुढे १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाकडे त्यांनी नशीब अजमावून पाहिले. बेसबॉल हा त्यांचा बालपणापासूनचा खेळ. विद्यापीठात असताना त्यातही ते निष्णात मानले जात. पण वय एकतिशी ओलांडून गेले होते, गुडघे साथ देत नव्हते. तो प्रयत्न सोडावा लागला. काही चित्रपटांतून त्यांनी छोट्या भूमिका केल्या. जॅकी रॉबिन्सन यांच्या जीवनावरील १९५० च्या चित्रपटातही ते दिसतात. उदरनिर्वाहासाठी त्यांनी व्यापारी संस्थांत नोकरी केली आणि डॉजर्स या बेसबॉल संघासाठी होतकरू खेळाडू हेरण्याचे काम केले. १९५६ मध्ये विद्यापीठीय फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली. व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात मात्र, मोटली १९६८ साली आणि विलिस १९७७ साली दाखल झाले तरी, केनींच्या वाट्याला तो मान त्यांच्या हयातीत आला नाही. तेथे कारकिर्दीचा हिशेब पाहतात, आणि त्यांची वही तर दुसऱ्यांनीच कोरी ठेवली होती.

रक्तवाहिन्यांना होणाऱ्या एका दुर्मीळ व्याधीने २४ जून १९७१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे. त्यांच्या निधनानंतर रॉबिन्सन यांनी लिहिताना, आपण पाहिलेल्या फुटबॉलपटूंत केनी सर्वश्रेष्ठ होते असा निर्वाळा दिला. आणि योग्य वेळी योग्य तो मान न मिळाल्याचे शल्य त्यांच्या अंतःकरणात खोल दडलेले असावे, असेही मत नोंदविले. केनींनी स्वतः ते शल्य चारचौघांत फारसे उघडे केले नाही.

त्यांच्या पावलांनी पडलेल्या वाटेवरून पुढे कोण कोण गेले ते पाहण्यासारखे आहे. ज्या जॉर्ज हॅलस यांनी १९४० मध्ये केनींना थांबवून परत पाठविले, त्यांच्याच शिकागो बेअर्सने १९४९ च्या निवडीत जॉर्ज टॅलिआफेरो या कृष्णवर्णीय खेळाडूस निवडले. त्या वार्षिक निवडीत असे नाव पुकारले जाण्याची ती पहिलीच वेळ. मार्शल यांचा संघ मात्र १९६२ पर्यंत अडून बसला. तेव्हाही दार उघडले ते त्याच किल्लीने. त्यांच्या नव्या क्रीडांगणाची जमीन केंद्र सरकारची होती. अध्यक्ष केनेडी यांचे मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी सरकारी जमिनीवर भेदभाव चालणार नाही अशी तंबी दिली आणि बॉबी मिचेल यांच्यासारखे उत्तम खेळाडू त्या संघात आले. पुढील दशकांत तर ती सारी संघटना कृष्णवर्णीय खेळाडूंच्याच पराक्रमावर उभी राहिली.

न्याय अखेर मिळाला, असे म्हणून अशा कथा पुष्कळदा संपविल्या जातात. केनींच्या बाबतीत तसे म्हणणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. न्याय मिळाला खरा. परंतु सहा वर्षे उशिराने. ती सहा वर्षे त्यांना कोणीही परत देऊ शकले नाही. गौरवदिनही नाही आणि कीर्तिमंदिरही नाही. अन्याय दूर करताना केलेला प्रत्येक दिवसाचा विलंब कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होत असतो, हे या चरित्रावरून विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या शाळेत, वर्गात, खेळाच्या मैदानावर एखादा गुणी सोबती कडेला उभा करून ठेवलेला दिसला, तर त्यास आजच आत बोलवावे; पुढच्या वर्षावर ढकलू नये.

आणि स्वतः केनींपासून काय घ्यावे? दार बंद होते तोवर त्यांनी खेळ टाकला नाही. उघडले तेव्हा गेलेल्या वर्षांचा हिशेब मागत बसले नाहीत. जे पाय उरले होते त्यांवर ते ब्याण्णव यार्ड धावले, आणि त्यांच्यामागून शेकडो जण त्या मैदानात उतरले.